मोठा कुत्रा आणि आरव्हीचं दार: लोंबत्या पायऱ्या, जमिनीवर टेकणाऱ्या पायऱ्या की रॅम्प?

मोठ्या कुत्र्याला आरव्हीत, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत किंवा ओढायच्या ट्रेलरमध्ये, चढवायचं कसं, हे कुणालाही विचारा. उत्तर बहुधा एकच येतं: रॅम्प घ्या. उत्तर चुकीचं नाही. पण ते देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाडीची डिकी असते. डिकीतून फक्त कुत्रा चढतो आणि उतरतो. आरव्हीच्या दारातून कुत्रा, आपण, मुलं, पाण्याचे कॅन, ओले टॉवेल, भाजलेल्या कणसांचं ताट, सगळं दिवसभर ये-जा करत असतं, आणि बहुतेक ट्रेलरना दार एकच असतं. आमची निवड शेवटी या एका दारामुळेच ठरली. तुमची वेगळी ठरू शकेल, पण ठरवण्याआधी तुमचं दार दिवसभर कसं वापरलं जातं ते एकदा नीट पाहा, असं मी जरूर सांगेन.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. पिकअपला जोडून ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे आणि उन्हाळा लागला की जमेल तेव्हा उत्तरेकडे निघतो. आमचा भीमा बर्नीज माउंटन डॉग आहे, वजन शंभर पौंडांच्या पुढे. या जातीचे नर साधारण ८० ते ११५ पौंड भरतात, आणि कोपराचं, खुब्याचं दुखणं या जातीच्या पाचवीलाच पुजलेलं. लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर पाळणाऱ्यांनाही ही काळजी ओळखीची असेल. कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतरताना तो आणखी पुढे सरकतो, आणि उडी मारली तर सगळा भार खांद्यावर, कोपरावर आणि मनगटावर आदळतो. त्यामुळे पायऱ्या बघायला जाल तेव्हा कुत्रा वर कसा चढतो यापेक्षा खाली कसा येतो याकडे लक्ष ठेवा. चढायला उत्साह पुरतो. उतरायला भरवसा लागतो.

ट्रेलरसोबत येणाऱ्या लोंबत्या पायऱ्या

चासीखाली, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याखाली, घडी घालून बसवलेल्या, ओढल्या की बाहेर येणाऱ्या आणि उघडल्यावरही जमिनीला न टेकणाऱ्या पायऱ्या तुम्ही पाहिल्याच आहेत. माणसाला त्यांचं फारसं काही वाटत नाही, कारण माणूस कठडा धरतो आणि समोर बघतो. कुत्रा पायाखाली बघतो, आणि तिथे जे दिसतं ते त्याला पटत नाही. पायरीचा पत्रा बहुधा भोकांचा किंवा जाळीचा असतो, त्यात नख अडकतं. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला जरा वर असणारं अंगठ्याचं नख तर फारच सहज. शिवाय दोन पायऱ्यांमधली पाठ उघडी असते, तिच्यातून ट्रेलरखालचा अंधार आणि जमीन दिसते. घाईत चढणाऱ्या कुत्र्याचा पुढचा पाय त्या फटीतून आत जातो आणि नडगी पायरीच्या कडेवर आपटते. एकदा असं झालं की पुढच्या वेळी तो खालीच उभा राहतो.

याहून मोठी अडचण हलण्याची. पायरी वरून टांगलेली असते, तिच्यावर शंभर पौंड पडले की ती खाली दबते आणि ट्रेलरही त्या बाजूला जरा झुकतो. भीमा उंबऱ्यावर येऊन पुढचा एक पाय वरच्या पायरीवर ठेवायचा, ती दबली की पाय मागे घ्यायचा, पुन्हा ठेवायचा, आणि मग सगळ्या पायऱ्या ओलांडून सरळ जमिनीवर उडी घ्यायचा. झोपाळ्यावर उभं राहायला सांगितलं तर आपलंही असंच होईल. अडीच-तीन फुटांवरून त्या वजनाच्या कुत्र्यानं दिवसातून अनेकदा उडी घेणं हे त्याच्या कोपरांना परवडणारं नव्हतं. आमच्या व्हेटनंही तेच सांगितलं.

याच पायऱ्या ठेवायच्या असतील तर त्या बऱ्याच सुधारता येतात, आणि मध्यम वजनाच्या, तरुण कुत्र्याला तेवढं पुरतंही. खालच्या पायरीखाली लावायचा स्क्रूचा टेकू मिळतो, कॅम्को कंपनीचा सेव्ह-अ-स्टेप त्यांतला माहितीतला. तो घट्ट बसवला की दबणं निम्म्याहून कमी झाल्यासारखं वाटतं. ट्रेलर हलू नये म्हणून चारही कोपऱ्यांना असलेले टेकू, स्टॅबिलायझर जॅक, नीट टेकवले की बाकीचं डुलणंही उतरतं. पायरीभोवती गुंडाळून मागे स्प्रिंगनं अडकवायचे गालिचे असतात, प्रेस्ट-ओ-फिटचे बऱ्याच ट्रेलरवर दिसतात. ते लावल्यावर नख अडकायचं थांबतं आणि उन्हात तापलेला पत्रा पंजाला भाजत नाही. गालिचा टाळून काळी खरखरीत चिकटपट्टी लावायचा विचार असेल, तर मी थोडं थांबायला सांगेन. ती माणसाच्या बुटाला चांगली, पण उन्हात तापते आणि दिवसभर वर-खाली करणाऱ्या कुत्र्याच्या तळव्याची कातडी झिजवते.

लोंबत्या पायऱ्या काढून त्या जागी टॉर्कलिफ्टच्या ग्लोस्टेपसारख्या कैचीच्या घडीच्या पायऱ्याही बसवता येतात. अंधारात उजळणारी पट्टी त्यांच्यावर असते आणि खाली पाय लावून त्या जमिनीवर टेकवण्याची सोय मिळते. पिकअपवर कॅम्पर बसवणाऱ्यांत त्या बऱ्याच चालतात. मी त्या रोजच्या वापरात ठेवलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल अधिक बोलत नाही. हाताळून पाहिल्या तेव्हा दणकट वाटल्या.

रॅम्प, आणि जाळीचं दार

रॅम्पची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती भक्कम आहे. रॅम्पवर कुत्र्याला सांधे फारसे वाकवावे लागत नाहीत, फटी नसतात, आणि एकदा सवय झाली की तो शांतपणे चालत येतो. आमच्याकडे पिकअपच्या मागच्या सीटसाठी सरकवून लांब करायचा रॅम्प आहे. भीमा त्यावरून रोज जातो-येतो, मला त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. तोच रॅम्प ट्रेलरला लावता येईल हा विचार साहजिक होता, आणि आम्ही तो बराच काळ लावलाही.

आधी उताराचं बघू. बाजारात सहज मिळणारा मोठा रॅम्प पूर्ण उघडला की ७२ इंचांचा, म्हणजे ६ फुटांचा होतो. ट्रेलरचा उंबरा ३० इंचांवर धरला तर उतार जवळजवळ २५ अंशांचा पडतो. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेत व्हीलचेअरच्या रॅम्पला १२ इंच लांबीमागे १ इंच चढ एवढीच मुभा असते, म्हणजे ५ अंशांहूनही कमी. कुत्र्याला इतका सौम्य उतार लागत नाही हे खरं, पण २५ अंश उतरताना त्याचं सगळं वजन पुढच्या पायांवर येतं, जे आपल्याला टाळायचं होतं. पाऊस पडून गेल्यावर किंवा पंजांना वाळू असेल तर तो शेवटचे दोन फूट घसरत येतो. ८ फुटांचा रॅम्प घेतला तर उतार १८ अंशांवर येतो आणि फरक खरोखर जाणवतो. पण ८ फुटांचा रॅम्प उचलायला जड, ठेवायला अवघड, आणि कॅम्पग्राउंडच्या साइटवर दारासमोर तेवढी मोकळी जागा नेहमी असतेच असं नाही. तिथे चटई असते, बाकडं असतं, शेकोटीचं कडं असतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. चालवून घेता आलं नाही ते जाळीचं दार.

रॅम्पचं वरचं टोक उंबऱ्यावर टेकतं. ते टेकलं की जाळीचं दार मिटत नाही, फट राहते. जून महिन्यात मिशिगनच्या उत्तर भागात, लेक सुपीरिअरच्या बाजूला राहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. मे-जूनमध्ये तिथे ब्लॅक फ्लाय या चावऱ्या बारीक माश्या, संध्याकाळ झाली की डास, आणि उन्हाळा चढला की किनाऱ्यावर घोट्याला चावणाऱ्या माश्या. दिवा लावलेल्या ट्रेलरचं दार दोन मिनिटं उघडं राहिलं तर रात्रभर कानाशी गुणगुण. लहान मुलांच्या अंगावर सकाळी गांध्या उठलेल्या असतात, आणि भीमाच्या पोटाला, जिथे केस विरळ असतात तिथे, तसेच लाल फोड.

मग काय करायचं? रॅम्प लावायचा, कुत्रा उतरवायचा, रॅम्प उचलायचा, जाळी ओढायची. कुत्रा वर यायचा म्हटलं की तेच उलट क्रमानं. आणि मोठा कुत्रा कॅम्पिंगला आला की दिवसातून दोनदा फिरून गप्प बसत नाही. बाहेर कुणी दिसलं, आपण चहा घेऊन बाहेर बसलो, मुलं सायकलवरून आली, प्रत्येक वेळी त्यालाही बाहेर यायचं असतं, आणि थोड्या वेळानं आत सावलीत जायचं असतं. त्यासाठीच तर त्याला सोबत नेतो. घरातलं कुणीतरी सतत रॅम्पच्या मागे. रॅम्प बाजूला ठेवला की कुणीतरी त्याला अडखळायचं, आणि तो लावलेला असताना बाकीच्यांना आत-बाहेर करता यायचं नाही. रॅम्प पायऱ्यांवर आडवा टाकला तर पायऱ्या झाकल्या जातात. पायऱ्या घडी करून लावला तर माणसांना उतरायला काहीच उरत नाही. तासाभरात बायको म्हणायची, "आता तो आत असला तर आतच राहू दे." म्हणजे ज्या सोयीसाठी रॅम्प घेतला तीच बंद.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक कॅम्पग्राउंडवर १० नंतर शांतता पाळायची असते. मध्यरात्री कुत्र्याला बाहेर जायचं झालं की अंधारात रॅम्प ओढून लांब करायचा, त्याचा खटका बसल्याचा आवाज आजूबाजूच्या तंबूंपर्यंत जाणारच. राष्ट्रीय उद्यानांत आणि मिशिगनच्या स्टेट पार्कमध्येही कुत्र्याचा पट्टा ६ फुटांहून लांब चालत नाही. आता रॅम्पही ६ फुटांचा. कुत्रा खाली पोचतो तेव्हा पट्टा पूर्ण ताणलेला, आपण वर उंबऱ्यावर उभे, आणि आपल्या पायाखाली पायरी नाही. समोरून हरीण गेलं तर त्या क्षणी शंभर पौंडांचा कुत्रा आणि आपण यांत कोण कुणाला खेचेल हे सांगायला नको. आपण आधी उतरावं तर तो वर एकटा. यातून मार्ग काढता येतो, दोन माणसं असली की जमतं. पण रात्री तीन वाजता दुसऱ्या माणसाला उठवणं रोज बरं वाटत नाही.

या एका दारापायीच रॅम्प ट्रेलरवरून उतरून पिकअपपुरता राहिला, आणि तिथे तो अजूनही उत्तम काम करतो.

जमिनीवर टेकणाऱ्या पायऱ्या

आमच्याकडे आता याच आहेत, आणि माझा कल इकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. या पायऱ्या चासीखाली नसून दाराच्या चौकटीत बसतात. प्रवासात घडी होऊन उभ्या दाराच्या आत राहतात, मुक्कामाला पोचलं की बाहेर उलगडायच्या आणि खालच्या पायांची उंची पिनेनं जमवून जमिनीवर टेकवायच्या. लिपर्टची सॉलिडस्टेप आणि मोराइडची स्टेपअबव्ह ही त्यांतली दोन नेहमी ऐकू येणारी नावं. दोन्ही कंपन्या इंडियानातल्या एल्खार्टच्या, जिथल्या आसपास अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही बनतात. नव्या ट्रेलरांत या कारखान्यातूनच लावून येऊ लागल्या आहेत, जुन्यांना नंतर बसवता येतात. दोन्हींत कोणती घ्यावी यावर मी फार जोर देणार नाही, तुमच्या चौकटीत जी नीट बसेल ती घ्या.

भीमासाठी फरक पडला तो एवढाच की पायरी हलत नाही. भार जमिनीवर जातो, त्यामुळे त्याचा पहिला पाय पडला की खाली काहीच दबत नाही. नव्या पायऱ्या बसवल्यावर घरापुढच्या ड्राइव्हवेवरच त्याची ओळख करून दिली, प्रत्येक पायरीवर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा ठेवून. तो पाय ठेवून थांबला, वाट पाहिली, काही झालं नाही असं पाहून दुसरा ठेवला. तेव्हापासून त्यानं ट्रेलरच्या दारातून उडी मारलेली मला आठवत नाही. याला मोजमाप म्हणता येणार नाही, पण रोज सकाळी त्याचे पुढचे पाय कसे पडतात ते बघणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. लांब पल्ल्याच्या सुट्टीनंतर पूर्वी तो पहिले दोन दिवस पुढचा डावा पाय राखून चालायचा. आता तसा चालत नाही.

रुंदीचाही फायदा मोठा. या पायऱ्या जवळजवळ दाराएवढ्या रुंद असतात. त्यामुळे पट्टा हातात धरून आपण त्याच्या शेजारून, एक पायरी मागे राहून उतरू शकतो. गेल्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती. तिच्या गुडघ्यांची तक्रार जुनी, त्यामुळे ट्रेलरमध्ये ती राहील का याचीच मला शंका होती. ती कठडा धरून एकेक पायरी उतरायची आणि भीमा तिच्या बाजूनं, तिच्याच गतीनं. "सावकाश रे बाबा, मला मागे टाकून जाऊ नकोस," असं त्याला सांगत दोघं खाली यायची. रॅम्प लावलेल्या दारातून आईला उतरवणं मला जमलं नसतं. ज्यांच्याकडे भारतातून आई-वडील उन्हाळाभर येऊन राहतात त्यांनी ही गोष्ट हिशेबात धरावी. कुत्र्यासाठी म्हणून घेतलेली वस्तू घरातल्या सगळ्यांच्या पायाखाली येणार असते.

आणि जाळीचं दार बंद होतं. पायऱ्या उलगडलेल्या असल्या तरी चौकट मोकळी राहते. कुत्रा आत आला की मागून जाळी ओढायची, झालं.

आता या पायऱ्यांचे दोष. पहिला म्हणजे पाठ इथेही उघडीच असते. मी जाड कॅनव्हासच्या पट्ट्या कापून प्रत्येक पायरीच्या मागे वेल्क्रोनं लावल्या आहेत. घडी करायच्या वेळी त्या ओढून काढतो. या एका बदलानं बिचकणाऱ्या कुत्र्याला जेवढं बरं वाटतं तेवढं कुठल्याच महागड्या गोष्टीनं वाटत नाही. पायऱ्या कोणत्याही घ्या, पाठ मात्र बंद करा. गालिचेही लावावेत, पण असे की ज्यांच्यासकट घडी दाबून बसेल.

दुसरा दोष चिखलाचा. पायऱ्या घडी होऊन दाराच्या आत येतात, म्हणजे साइटवरची माती, ओलं गवत, पावसाचं पाणी सगळं आत येतं. निघायच्या दिवशी पाऊस असेल तर हे फार जाणवतं. आम्ही एक कडक ब्रश आणि जुनं मोठं फडकं दारापाशीच ठेवलं आहे, आणि घडी बसते तिथे खाली रबरी चटई आहे. लेक मिशिगनच्या काठावरच्या स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांची वाळू फार बारीक. तिकडून आल्यावर पाय सरकण्याच्या नळ्या आणि पिना पाण्यानं धुऊन घ्याव्या लागतात, नाहीतर सरकताना कुरकुरतात.

तिसरा दोष वाटेतल्या थांब्यांचा. जेवायला थांबलो आणि फ्रिजमधून काही काढायचं झालं, तर पायऱ्या पूर्ण उलगडल्याशिवाय आत जाता येत नाही. पायही त्या जागेच्या उंचीला जमवून टेकवावे लागतात, अधांतरी ठेवून त्यांवर चढू नये. आम्ही वाटेत लागणारं सगळं, भीमाचं पाणी, वाडगा, औषध, पिकअपमध्येच ठेवतो. ट्रेलरमध्ये कुत्रा प्रवासात बसवायचा नसतोच, त्यामुळे त्याच्यासाठी वाटेत दार उघडायची वेळ येत नाही. पण ज्यांना वाटेत सारखं आत जावं लागतं त्यांना या पायऱ्यांचा कंटाळा येईल.

साइट उताराची असेल तर खालच्या पायरीपासून जमीन बरीच खाली जाते. पाय पूर्ण लांब करूनही पुरले नाहीत तर त्यांच्याखाली लेव्हलिंगचे, म्हणजे ट्रेलर समतल करायला चाकांखाली घालतात ते, ठोकळे द्यायचे. मऊ जमिनीत पाय रुतू नयेत म्हणूनही तेच ठोकळे किंवा प्लायवुडचा तुकडा चांगला. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा जास्त खोल राहिली तर मोठा कुत्रा नेमकी तिथूनच उडी घेतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर मी पाय जमवल्यावर आधी स्वतः खाली उतरून शेवटचा टप्पा बघतो, मग त्याला सोडतो.

सुटा चौथरा

दारासमोर वेगळा ठेवायचा ८ इंचांच्या आसपास उंचीचा, रुंद, खोल चौथरा मिळतो. त्यावर कुत्र्याचे चारही पाय एकाच वेळी मावतात, आणि अर्ध्यावर थांबून विचार करणाऱ्या कुत्र्यांना ते फार आवडतं. एकटा चौथरा ट्रेलरच्या उंबऱ्याला पुरत नाही, पण लोंबत्या पायऱ्यांखाली किंवा उतारावरच्या साइटवर जोडीला उत्तम. चौथऱ्याचे पाय रबरी आणि रुंद बघून घ्या. गवतावर एका बाजूनं रुतला की तो डगमगतो, आणि मग आपण परत हलणाऱ्या पायरीपाशी येऊन पोचतो.

कुणी काय घ्यावं

कुत्र्याचं खुब्याचं किंवा गुडघ्याच्या अस्थिबंधाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा वयामुळे मागचा पाय उचलतच नसेल, तर रॅम्पला पर्याय नाही. तेव्हा निदान ८ फुटांचा घ्या, आणि जाळीच्या दाराऐवजी मधोमध चुंबकानं मिटणारा जाळीचा पडदा आतून लावा. रॅम्पचं टोक आत असलं तरी तो बऱ्यापैकी मिटतो. चढता-उतरताना पाठीवर मूठ असलेला हार्नेस घालायला विसरू नका, रफवेअर आणि इतर काही कंपन्यांचे असे हार्नेस मिळतात. बर्नीजसारख्या जातींचं आयुष्य मुळातच कमी, बहुतेकदा सात-आठ वर्षांचं. त्यामुळे आमच्यावरही ती वेळ येईल तेव्हा रॅम्प परत ट्रेलरपाशी येईल, हे मी धरून आहे.

कुत्रा तरुण, पन्नास-साठ पौंडांचा आणि न घाबरणारा असेल तर लोंबत्या पायऱ्यांना टेकू आणि गालिचे लावून काम भागेल, खर्चही फार नाही. त्याहून जड कुत्रा असेल, दिवसभर आत-बाहेर करणारा असेल, घरात मुलं किंवा वडीलधारी असतील, तर मी जमिनीवर टेकणाऱ्या पायऱ्यांकडेच जाईन. त्या काहीशे डॉलरच्या आहेत, रॅम्पपेक्षा महाग. पण दार सगळ्यांचं राहतं.

मोटारहोमवाल्यांचं, म्हणजे ज्यांचं घर आणि गाडी एकच असते त्यांचं, गणित वेगळं. त्यांचा कुत्रा आतूनच प्रवास करतो आणि प्रत्येक विश्रांतिस्थळावर उतरतो, त्यामुळे दार उघडताच बाहेर येणाऱ्या विजेच्या पायऱ्याच त्यांना सोयीच्या. तिथे दोनच गोष्टी पाहा. पायरी पूर्ण बाहेर येऊन थांबेपर्यंत पट्टा आवळून धरायची सवय कुत्र्याला आणि स्वतःला लावा. आणि मुक्कामाच्या जागी दारापाशी असलेला पायरीचा स्विच बंद ठेवा, म्हणजे दार मिटलं तरी पायरी बाहेरच राहते. नाहीतर आत आलेल्या माणसानं दार लावलं की पायरी आत जाते, आणि दार पुन्हा उघडायच्या क्षणी मागून धावत आलेला कुत्रा पायरी नसलेल्या जागी पाय टाकतो.

विकत घेण्याआधी मोजायचं ते असं: ट्रेलर समतल करून उंबऱ्यापासून जमिनीपर्यंतची उंची, दाराच्या चौकटीची आतली रुंदी, आणि घडी आत उभी राहील एवढी दारामागची मोकळी जागा. तिथे कपाटाचा कोपरा किंवा दिव्याचं बटण आड येत नाही ना, तेही पाहा. उंची घरच्या सपाट ड्राइव्हवेवर एकदा आणि एखाद्या खऱ्या साइटवर एकदा मोजा, दोन्हींत बराच फरक पडतो. आणि डीलरच्या आवारात उभ्या ट्रेलरवर या पायऱ्या बसवलेल्या असतील, तर कुत्र्याला आणू का असं आधी फोन करून विचारा. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी आनंदानं हो म्हटलं. नख कापून न्या, पोट थोडं रिकामं ठेवून न्या, खिशात त्याच्या आवडीचं काही ठेवा. त्याला वर न्यायची घाई करू नका. वर गेला की तुम्ही खाली उतरून दोन पावलं लांब उभे राहा, त्याला हाक मारा, आणि तो पहिला पाय ठेवताना थांबतो का, मागे घेतो का, एवढंच बघा.